न ठोकलेला एक्सल

सातिवलीच्या गाळ्यात तो जुन्या मोटरसायकलींना नवं रूप देतो. टाकी स्वतः पत्रा ठोकून घडवतो, लेथचं काम माझ्याकडून करून घेतो. इतरांनी केलेला भाग आधी पान्याने ठोकतो, कान लावून ऐकतो आणि बिनसलं असेल तर म्हणतो, "हा खोटं बोलतोय."

माझ्या कामाला मात्र त्याने कधी पाना लावला नाही. "काकांच्या हातचं कोन तपासनार?"

गेल्या महिन्यात मी त्याच्या स्वतःच्या गाडीचा एक्सल केला. जाडी बदलते तिथे थोडी गोलाई ठेवावी लागते, नाहीतर लोखंड तिथूनच तडकतं. मला हल्ली नीट दिसत नाही. गाडी गेल्यावर लेथचं हत्यार पुसताना कळलं, चुकीचं लावलं होतं; गोलाई राहिलीच नव्हती. काम सुटेल म्हणून गप्प बसलो. तो बायकोला मागे बसवून नंदाखालला निघाला की परतेपर्यंत मी रस्त्याकडे बघत बसायचो.

आज सगळं सांगितलं. तो चिडला नाही.

"काका, त्याच दिवशी अजून दोन केलेत तुम्ही. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना लावलेत."

ते मी विसरूनच गेलो होतो. एकाला फोन करून त्याने गाडी जागच्या जागी थांबवायला लावली. दुसऱ्याचा फोन नुसता वाजत राहिला.

"गाडी चालवताना तो उचलत नाय," तो हळूच म्हणाला.