बाबांची स्टँडबाय डिस्क

आमच्या बाबांचा कशावरच पटकन विश्वास बसत नसे. तुर्भ्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर पंप सांभाळले. तिथे प्रत्येक पंपाला एक जोडीदार असायचा, स्टँडबाय. मुख्य पंप ठणठणीत असला तरी दर सोमवारी तो थांबवून स्टँडबाय चालवायचा. "चालवून बघितला नाही, तो पंप नसल्यात जमा," हे बाबांचं ब्रह्मवाक्य. निवृत्त झाल्यावर पंप उरले नाहीत, तेव्हा त्यांनी आमची टॉर्च, छत्री आणि गॅसचा जादा सिलिंडर यांच्यामागे तोच लकडा लावला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी वाशीतल्या एका ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचे आणि घरीही एक जोडून घेतला होता. त्या वर्षी आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलं. तिला ऑपरेशनपेक्षा आम्ही बापलेक काय खाणार याचीच काळजी. मला स्वयंपाकातलं काही गम्य नव्हतं, बाबांचा चहा उतू जायचा. मग ती पलंगावर पडून सांगायची आणि बाबा एका बोटाने टाइप करायचे. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, काळ्या वाटाण्याचं सांबारं, दिवाळे गावची कोळीण आणायची त्या सुकटीची चटणी. दिवसाला एकच पदार्थ व्हायचा, कारण बाबांना 'ळ' सापडेपर्यंत आईचा डोळा लागायचा.

एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. तिसऱ्या खेपेला झाला, पण बाबांचा चेहरा उतरला होता. "हे गेलं तर?" त्यांनी विचारलं. ते नुसत्या फाइलीबद्दल बोलत नव्हते हे मला कळलं आणि मीही घाबरले.

मी दुसरी हार्ड डिस्क आणून जुनीची नक्कल तिच्यावर उतरवली. नक्कल झाली म्हणताच बाबा म्हणाले, जुनी काढ आणि हिच्यावर चालवून दाखव. मी चालवलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली, सिस्टीम सापडत नाही. फाइली सगळ्या उतरल्या होत्या, फक्त सुरुवात कुठून करायची ती खूण मशीनला मिळत नव्हती. फ्लॉपी घालून मी ती खूण केली आणि नवी डिस्क सुरळीत सुरू झाली. बाबांनी मला शाबासकी दिली नाही, स्वतःलाच दिली.

आणि मग ते स्वयंपाकघराकडे वळले. हेही चालवून बघायला हवं म्हणाले. खोलीतल्या कॉम्प्युटरचा पडदा वाचायचा, आत जाऊन फोडणी टाकायची, पुन्हा बाहेर यायचं, असं करत त्यांनी सांबारं केलं. आईने एक घास घेतला आणि छातीवर हात धरून हसत सुटली. मीठच नव्हतं. बाबांनी सगळी फाइल धुंडाळली. एकाही पदार्थात मीठ नव्हतं.

"अगं, तू सांगितलंच नाहीस."

"मीठ काय सांगायचं असतं?"

बाबा लगेच कीबोर्डपाशी बसले, कशात किती ते विचारू लागले. आईने त्यांना हाताने थांबवलं.

"मीठ तेवढं लिहू नका," ती म्हणाली. "ते मी परत आल्यावर मला विचारा."

बाबांनी कीबोर्डवरून हात काढून घेतले.

ती हॉस्पिटलात होती ते पंधरा दिवस बाबांनी फाइल बघून रांधलं आणि कशातही मीठ घातलं नाही. मिठाची बरणी समोरच होती. मीही ती उघडली नाही. आम्ही समोरासमोर बसून अळणी जेवायचो आणि जेवण चांगलं झालंय असं एकमेकांना सांगायचो. इतका वेडेपणा आमच्या घरात पूर्वी कुणी केला नसेल.

आई घरी आली त्या दुपारी मी तिला पलंगावर बसवलं, तोवर बाबा पळी घेऊन आलेच. तिचा तळहात पुढे ओढून त्यांनी त्यावर सांबाऱ्याचा थेंब टाकला. तिने चाखलं.

"अहो, चमचाभर घाला," ती म्हणाली. "सपक."

बाबा आत गेले. बरणीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, आणि मी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.