पायाची आग

तेहतीस वर्षं चिखलीत मराठी शिकवली. निवृत्तीनंतर लोक गुडघे धरून बसतात, मी ‘जळणे’ हा शब्द धरून बसलो. मूळ संस्कृत ‘ज्वल्’. प्राकृतात त्यातला ‘व’ गळाला, आणि शब्द वऱ्हाडात पोचला तेव्हा इथलं ऊन बघून त्याने कायमचा मुक्काम ठोकला. आमच्याकडे मे महिन्यात एसटीची दांडी धरली तर तळहातावरची भाग्यरेषा पुसते. माझी दोनदा पुसली, म्हणून तर मास्तर झालो.

बायको सुलतानपूरकडची. तिच्यापुढे शब्दकोश फिका. मी वही घेऊन स्वयंपाकघरात बसायचो, ती हात न थांबवता सांगायची.

“दूध जळत नाही हो, लागते. भाकर करपते. शेतातली पऱ्हाटी उन्हानं होरपळते. जळते तो माणसाचा जीव.”

“वा!”

“अन् माहे पाय जळून राह्यले, त्याचं काय?”

मी लिहिलं: पाय जळणे. पुढे कंसात, ‘तळपायाची आग मस्तकात जाणे, म्हणजे संतापणे.’ खाली रेघ मारली. दोन महिन्यांत पाय जळतात हे ती दहादा तरी म्हणाली असेल. माझी वही भरत गेली.

मग हिवाळ्यात मेहुण्याच्या शेतात रोडग्यांचा बेत झाला. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजत होते, बायको अनवाणी उभी राहून ते काठीने उलटवत होती. जळण्याचे चौदा वास मी डोळे झाकून ओळखतो, अशी माझी गावभर बढाई. त्या दिवशी पंधरावा आला. तो कणकेचा नव्हता.

“अवं, पाय!”

“काय झालं पायाले?” ती म्हणाली, आणि खाली बघितलं. टाचेखाली निखारा होता. दुसऱ्या कोणाचा पाय बघावा तशी ती बघत राहिली. मग पाय उचलला, तोही सावकाश.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. साखर इतकी की मला बाहेर सांगताना वाढवायचीही गरज पडली नाही. ते म्हणाले, “नसा गेल्यात. आधी आग होते, मग काहीच कळेनासं होतं. आग होत होती तेव्हा घरात कोणाला सांगितलं नाही?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागलो.

“नाही सांगतलं,” बायको म्हणाली.

जन्मभर थापा मारल्या मी, पण एवढी मोठी थाप मला कधी जमली नाही.

जखम भरायला फार दिवस लागले. वही फळीवर गेली. आता रोज सकाळी पूजा झाली की मी देवाजवळची एक कोरी वात घेतो. ती पलंगावर पाय लांब करते. तिने डोळे मिटायचे, मी वात तळव्याला लावायची, लागलं की तिने सांगायचं. डॉक्टर म्हणाले, जाणीव थोडीफार परत येईल, कदाचित येणारही नाही. मी दमलोय. रोज तेच विचारायचं, रोज ‘नाही’च ऐकायचं, आणि तोंडावर काही दाखवायचं नाही.

आज गुडघ्यात कळ आली, म्हणून मला वाकायला उशीर झाला. ती डोळे मिटून वाट बघत होती.

“हाव,” ती म्हणाली. “आज लागून राह्यलं बरं का.”

वात अजून माझ्या मुठीतच होती.