टपावरचा दिवा

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळली. आज लिहूनच टाकतो. लातूरच्या शोरूममध्ये वॉरंटीचे दावे मी तपासायचो. किल्लारीकडचा एक जीपवाला गिअरबॉक्स मोडला म्हणून आला. स्वतःच्या जीपमध्ये चप्पल काढून चढणारा माणूस. टपावर त्याने बाहेरच्या गॅरेजातून दिवा बसवून घेतला होता. गिअरबॉक्सचा दोष कारखान्यातलाच, हे मला दिसत होतं. वरिष्ठांना दावे फेटाळलेले आवडायचे. मी ‘गाडीत फेरफार’ असा शेरा मारून दावा फेटाळला.

तो शांतपणे म्हणाला, “साहेब, दिवा वर हाय, गिअरबॉक्स खाली. त्यांची वळख तरी हाय का?”

निवृत्तीनंतर अहमदपूरच्या स्टँडवर तोच भेटला, जीपच्या टपावर तोच दिवा. त्याने खांद्यावरच्या रुमालाने जीपची सीट पुसून मला बसवलं. लातूरपर्यंत ‘माझं चुकलं’ ओठांवर होतं. उतरताना मी म्हणालो, “दिवा छान आहे.”