पाचोडच्या काकांची सही

आमच्या ह्यांचं नाव मी सहसा घेत नाय, पण तुम्हाला कळावं म्हणून एकदा घेते: खंडेराव. मेंढरांमागं वाढलेला माणूस, आता वाळूजला कंपनीत. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं. बोलायचं सगळं काम देवानं माझ्याकडं दिलंय, आन् मी ते मन लावून करते.

गेल्या साली ह्यांच्या मोटारसायकलीनं मान टाकली. पंधरा वर्षं कधीच भरलेली, पत्रा गंजलेला, इंजिनातून तेल गळून गळून आमच्या दारातली फरशी काळी झालेली. घासून घासून माझी कंबर मोडली. गल्लीतला भंगारवाला उचलायला तयार होता, वर कागदपत्रं पण नकोत म्हणाला. मी म्हटलं, ने बाबा, आत्ताच ने. तर हे आडवे आले. त्याला द्यायची नाय म्हणजे नाय.

कारण गाडी कागदोपत्री आमची नव्हतीच. ती पाचोडच्या पुंजाराम काकांची.

बारा-तेरा सालचा दुष्काळ आठवतोय ना? त्याआधी दर वर्षी आमची मेंढरं काकांच्या मोसंबीच्या बागेत बसायची. त्यांच्या झाडांना लेंडीखत मिळायचं, आम्हाला ज्वारी मिळायची. त्या साली चारा नाय, पाणी नाय. मेंढरं येईल त्या भावात गेली. काकांची बाग पण उभी वाळली, झाडं तोडून सरपण झालं. तेवढ्यात ह्यांना वाळूजला काम लागत होतं, पण खोली मिळाली लांब शहरात, उस्मानपुऱ्यात, आन् रात्रपाळीला बस नव्हती. हे हात हलवत परत पाचोडला आले. काकांनी दारातली गाडी काढून चावी ह्यांच्या हातात ठेवली. म्हणाले, बाग गेली, आता मला कुठं जायचंय, तू जा.

ज्याचं स्वतःचंच रान जळालेलं, त्यानं दिली हो! आज वाळूजला आमचं दोन खोल्यांचं घर हाय. पूर्वी जिथं मेंढरं चरायची तिथंच प्लॉट पडले, त्यातल्याच एकावर. ते घर, त्यातलं दाणापाणी, समदं त्या गाडीवर बसून आलंय. हे मी कुणापुढंही म्हणीन. नाव बदलायचा विषय निघाला की काका म्हणायचे, राहू दे की माझ्या नावावर, दसऱ्याला पूजेला आणत जा म्हणजे झालं. म्हणून दर दसऱ्याला आम्ही पाचोडला.

तर भंगारवाला गेल्यावर मी लई भांडले. तेव्हा हे बोलले.

"उद्या त्या गाडीवर बसून कुणी बायांची गंठणं ओढली, तर पोलीस पाचोडला जातील, रत्ना. काकांच्या दारात."

ह्यांच्या मानानं ते भाषणच. मग मीच चौकशी केली. सरकारमान्य जागी गाडी दिली की ते तेल आन् बॅटरी नीट काढून घेतात, सांगाड्यावरचा नंबर कापतात, गाडी मोडल्याचा दाखला देतात आन् नोंद कायमची रद्द होते. फक्त मालकाची सही पाहिजे.

गेलो पाचोडला. काकांचा चष्मा सापडेना. पुन्हा गेलो, तर म्हणाले, आज अमावस्या हाय. तिसऱ्या खेपेला म्हणाले, हात थरथरतो. आन् त्याच हातानं बशीतला चहा एक थेंब न सांडता प्याले! द्वारका काकू खाली बघत ज्वारी निवडत होत्या. माझं डोकं सटकलं. मी सरळ विचारलं, काका, तुम्हाला सही करायचीच नाय का?

काकांनी बशी खाली ठेवली.

"आमचा पोरगा, शिवम, पुण्याला ऱ्हातो. त्याचा फोन येतो, तो येत नाय. सही केली की गाडी गेली. मग तुम्ही तरी कशाला येताल?"

बोलायचं काम माझं, पण माझ्याआधी हेच बोलले. म्हणाले, गाडी नसली तरी येऊ. काका हसले, म्हणाले, तसं समदेच म्हणतात. आन् कागद ओढून झरझर सही करून टाकली.

गाडी रीतसर गेली. जाताना ह्यांनी टाकीवरून हात फिरवला, मी हात जोडले. दाखला आला, त्यावर काकांचं नाव, तो पाचोडला पोचता केला. सगळं कसं बिनघोर झालं. पण काकांचं ते हसणं काय माझ्या मनातून जाईना.

पुढच्या सुट्टीला सकाळी हे अंघोळ करून तयार. मला म्हणाले, चल. दसऱ्याला अजून लई अवकाश होता. एसटीनं पाचोडला उतरलो. काका ओट्यावर होते. आम्हाला बघून घाबरलेच. विचारलं, आता कुठं सही राहिली?

हे म्हणाले, कुठंच नाय. आन् पायताण काढून काकांच्या शेजारी बसले.

तसे काका आत तोंड करून एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या बाया बाहेर आल्या.

"द्वारके, अगं बाहेर ये! खंडू आलाय, आन् काहीच काम नाय त्याचं!"