व्हिडिओसाठी सॅल्यूट

"फौजी, इकडे ये. याला एक कडक सॅल्यूट मार."

चेअरमन बोलत होते. जुईनगरची आमची सोसायटी, सव्वीस जानेवारीची सकाळ. आमची म्हणजे त्यांची. मी गेटवरचा वॉचमन. झेंडा मी बांधायचा, आत फुलं मी घालायची, दोरी मात्र चेअरमननी ओढायची, असा तिथला रिवाज. झेंडावंदन उरकलं होतं. आता त्यांच्या मुलाचा सत्कार चालला होता. पोरगा पायलट व्हायला परदेशी निघालेला. शाल, नारळ, पेढे. आणि शेवटी माझा सॅल्यूट, व्हिडिओसाठी.

मी वायुदलात होतो. ग्राउंड क्रू. पायलट आत बसला की शिडीवर चढून त्याचे पट्टे आवळायचे, उतरायचं, शिडी काढायची, सॅल्यूट ठोकायचा. विमान निघून जायचं. मी खालीच. सारी नोकरी मी त्या आत बसणाऱ्यांवर जळत काढली.

निवृत्त झालो आणि माजी सैनिकांना शिक्षणाची सवलत देणाऱ्या ऑफिसात गेलो. पायलटच्या ट्रेनिंगला मदत मागितली. बारावी सायन्स पास होतो, डोळे शाबूत होते. टेबलामागचे साहेब हसले.

"तुमच्या रँकला सिक्युरिटीचा कोर्स बसतो. हे विमानाचं काय खूळ घेतलंय?"

मी गपचूप मान डोलावली. कोर्स केला. गेटवर उभा राहिलो. त्या डोलावलेल्या मानेची मला अजून चीड येते.

आणि हा पोरगा. बापाला म्हणाला, पायलट व्हायचंय. बाप म्हणाला, हो. संपलं. पोरगा वाईट नव्हता, मला काका म्हणायचा. त्यामुळे जास्तच पोटात दुखायचं.

"अरे मार ना, सवयच आहे तुला," चेअरमन म्हणाले. लोक हसले. मोबाइल वर झाले.

मी हात उचललाच नाही.

"नाही मारणार," मी म्हणालो. "झेंड्याला केला तेवढा पुरे. मला पण पायलट व्हायचंय."

कुणीतरी फिसकन हसलं. चेअरमन हसले नाहीत.

"उद्यापासून येऊ नको."

मी टोपी काढून पेढ्यांच्या टेबलावर ठेवली आणि कोपरखैरण्याला घरी आलो.

बायको म्हणाली, "वयाचा तरी विचार करा." केला. सोमवारी पुन्हा त्याच ऑफिसात जाणार आहे. सिक्युरिटी, फायर, ड्रायव्हिंग, काहीही पुढे करू देत. घेणार नाही. पायलटचंच ट्रेनिंग मागणार. नाही म्हणायचं तर कारण सांगा, म्हणणार. मग त्यांच्या वरच्याकडे, मग त्याच्याही वर.

कुणाचा हेवा करू नये म्हणतात. मी करणार. त्या सीटवर बसेपर्यंत करणार.