एका कानापुरता हेडफोन

आमच्या ह्यांना कुठलीच वस्तू टाकवत नसे. फुटकी बादली डाग देऊन आणायचे, ती पुन्हा गळली की तिच्यात अळू लावायचे. लढाई संपल्यावर मोडीत निघालेला एक लष्करी हेडफोन असाच रेवसच्या धक्क्यावरून घरात आला. ह्यांनी घरीच केलेल्या, विजेवाचून चालणाऱ्या खड्याच्या रेडिओला तो जोडला, दोन माडांमध्ये तार ताणली, आणि वीज नसलेल्या आमच्या गावात मुंबई कानात बोलायला लागली. पुढे खारी हवा आत शिरली आणि तो मुका झाला. मग मी त्याच्या कमानीला लसणाच्या जुड्या अडकवायची.

एके दिवशी लाँचवरचा खलाशी निरोप घेऊन आला. माझ्या धाकट्या दिराचं भजनी मंडळ गुरुवारी संध्याकाळी रेडिओवर गाणार होतं.

दीर मुंबईला गेला तो घरची झांज घेऊन गेला होता. बापजाद्यांची झांज, पण काठाला चीर गेलेली, वाजवली की ताट पडल्यासारखी वाजायची. तेवढ्यावरून भाऊ-भाऊ असे भांडले की ह्यांनी शपथ घेतली, त्याचा आवाज या कानांनी पुन्हा ऐकणार नाही. ते दिराच्या कानावर गेलं आणि त्याने घरी येणंच सोडलं. सासूबाई तेव्हापासून जेवताना दाराकडे तोंड करून बसायच्या. निरोप ऐकल्यावर त्यांनी लसूण बाजूला केला आणि हेडफोन ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"मना माज्या पोराचा आवाज आयकायचा हाय," एवढंच म्हणाल्या.

"नवीनच आणा की मुंबईहून," मी म्हटलं.

"का? धड आहे की हा," हे म्हणाले. धड काय होतं ते देवच जाणे. "आणि मी हेडफोन दुरुस्त करतोय. त्याच्यासाठी काही करत नाही."

झालं, घराचं कारखान्यात रूपांतर झालं. मोडक्या कमानीला छत्रीची काडी बांधली. गाद्या कुजल्या होत्या, तिथे सासऱ्यांच्या बंडीचे तुकडे आणि सावरीचा कापूस आला. गंजलेली चकती टाकून बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापला. पण कानावरच्या दोन्ही वाट्यांतली केसासारखी तार सडली होती. दोन्हींतलं बरं सामान एकत्र केलं तर एकच वाटी बोलणार होती. आता उजवी की डावी?

शहाण्या माणसानं हाताला येईल ती केली असती. पण आमच्याकडे बांध घालायचा, होडी लोटायची, सोयरीक करायची, तर आधी देवीला कौल लावायचा. सासऱ्यांनी हेडफोन देवळात नेला, आम्ही सगळे आणि अर्धं गाव मागोमाग. गुरवानं देवीच्या दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली.

सासूबाईंनी आपला उजवा कान धरून दाखवला. "उजव्या कानानं मना लहानपणापासून आयकू येत न्हाय. देवीला म्हाईत न्हाय व्हय?"

गुरव वाट काढायला गेला. "देवी आपल्याकडं तोंड करून बसलीय. तिचा उजवा तो आपला डावा."

सासरे भडकले. "मंग आजवर आपल्या उजव्या हाताची कळी पडली की होकार धरत आलो त्याचं काय? त्यावर बांध घातले, लगनं लावली. ती समदी उलटी झाली म्हन की."

 देवळातले बापे आपापल्या बायकांकडे बघायला लागले. माझं लग्नही त्याच कौलावरचं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि जरा जास्तच वेळ बघितलं. माझं डोकंच फिरलं.

मी हेडफोन उचलला, उलटा फिरवला आणि सासूबाईंच्या डोक्यावर ठेवला. "ही उजवी वाटी, आली डाव्या कानावर. देवीचा शब्द राहिला, तुमचंही काम झालं. आता लग्नं मोडू नका." गुरव म्हणाला, फिरवायचा तर त्यालाही कौल लावावा लागेल. मी त्याच्याकडे नुसतं बघितलं, तसा तो निरंजन पुसायला लागला.

गुरुवारी संध्याकाळी सासूबाई हेडफोन घालून ओटीवर बसल्या. खूप वेळ चेहरा कोरा. मग एकदम उजळला. "आपलीच झांज हाय," त्या म्हणाल्या. "चिरकी."

तेव्हा हे उठले आणि त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बसले. बंद वाटीला बाहेरून कान लावला. ती बंद आहे हे ह्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? स्वतःच्या हातानं तिची तार काढली होती. तरी ओठ घट्ट मिटून, डोळे मिटून, कान लावून बसले. मला हसू येत होतं आणि रडूही.

सासूबाईंना डोक्यावर भार जाणवला असणार. त्यांनी वळून पाहिलं. भजन अजून चाललं होतं, एवढ्या दिवसांनी पोरगा कानात होता, तरी त्यांनी हेडफोन काढला आणि ह्यांच्या डोक्यावर ठेवला. बोलती वाटी नीट कानावर बसवली. हे नको म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशीच्या लाँचनं हे मुंबईला गेले. झांज घेऊन येतो, म्हणाले. परत आले ते दिराला घेऊन, आणि झांज तिकडेच विसरले.