सुईखालची कुंची

जुनी शिलाई मशीन घेऊन माणूस माझ्या दारात उभा राहिला की तो काय विचारणार, हे मला आता बसल्या जागी कळतं. पूर्वी विचारायचे, "ताई, टाका सुटतोय, बघता का?" हल्ली विचारतात, "ह्यात पारा आहे का?"

माझ्या वडलांचं लोणावळ्याच्या बाजारात मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान गेलं, हत्यारं माझ्याकडे आली आणि हत्यारांबरोबर त्यांची खोडही आली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुन्या मशिनी भिंतीला टेकून बसल्या आहेत. काही भंगारवाल्याकडून आणलेल्या, काही बंगलेवाल्यांनी काढून टाकलेल्या. बंगलेवाल्यांना फक्त लोखंडी पाय हवे असतात. त्यावर फळी टाकली की हॉटेलातल्यासारखं ऐटबाज टेबल होतं, आणि वरच्या मशीनची त्यांना अडगळ होते. ती अडगळ मी घरी आणते, डिझेलने गंज सोडवते, काळ्या रंगावरची सोनेरी वेलबुट्टी जपून पुसते. एखादी कित्येक वर्षांनी पहिला सरळ टाका घालते, त्या दिवशी मला जेवण गोड लागतं. घरचे म्हणतात, डोक्यावर परिणाम झालाय. असेल.

आणि मग तो व्हिडिओ आला. जुन्या मशीनच्या सुईच्या दांड्यात लाल पारा असतो, त्याला लाखांनी भाव आहे, शोधणाऱ्या पार्ट्या गावोगाव फिरतायत, असं सांगणारा. ओळखायचं कसं, तेही त्यात होतं. मोबाइल सुईजवळ न्यायचा. रेंज गेली की समजायचं, पारा आहे. मी आयुष्यभर मशिनी उघडत आले. त्यांत मला मेलेली झुरळं सापडली, तुटक्या सुया सापडल्या, एकदा कुणाची तरी नाकातली हरवलेली चमकीही सापडली. पारा कधी सापडला नाही. हे मी सांगून सांगून दमले. आधी हसून सांगायचे, मग चिडून सांगायला लागले. फरक कशानंच पडला नाही.

एका दुपारी आलेला माणूस पवनानगरच्या पलीकडचा होता. पन्नाशीचा, धरणाकाठच्या कॅम्पवर पाहुण्यांचे तंबू लावायचं काम करणारा. बरोबर त्याची आई होती, आणि जीपच्या मागच्या सीटवर गोधडीत गुंडाळलेली हातमशीन. मशीन त्याने एकट्याने उचलून आणली, आणि मी हात लावायला गेले तर म्हणाला, "सावकास ताई. हलली तर उडंल."

गोधडी सोडली आणि मी खूश झाले. जमिनीवर बसून उजव्या हाताने चाक फिरवायची, जुन्या घडणीची मशीन. हँडलचं लाकूड हाताच्या घामाने काळं-गुळगुळीत झालेलं. सुईखाली एक अर्धवट शिवलेलं कापड तसंच दाबून ठेवलेलं होतं. मऊ, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्याचं.

"कुंची हाय," म्हातारी म्हणाली. "ह्याच्या लेकीला दिवस भरत आल्यात."

तिच्या गावात मूल झालं की बारशाला त्याच्या डोक्यावर तिच्या हातची कुंची चढते, हे मला तिने बसल्या बसल्या सांगितलं. ज्या घरात मूल जन्मायचं त्याच घरातलं जुनं लुगडं मागून आणायचं, त्यातलाच तुकडा कापायचा, आणि मानेमागच्या चुण्या शेवटी घालायच्या. गावातली सगळी पोरं, आणि आता त्या पोरांचीही पोरं, तिच्या कुंचीतून बाहेर पडलेली. स्वतःच्या नातीच्या बाळाची मात्र चुण्यांपाशी येऊन थांबली होती. मुलाने महिन्याभरापासून मशीनला हात लावू दिला नव्हता.

"चालवली की पारा उडतो," तो म्हणाला. "व्हिडिओत सांगितलंय."

मी विचारलं, पारा आहे हे कशावरून?

"मोबाइल लावून बघितला. रेंज गेली."

"तुमच्या घरात एरवी रेंज असते का?"

त्याने हातातल्या मोबाइलकडे बघितलं. "अंगणात येती कवाकवा."

मला हसू आवरलं नाही, आणि तिथंच माझं चुकलं. माणूस हसण्याने दुखावला की त्याच्या कानाची दारं लागतात. मी समजावत राहिले. शेवटी म्हटलं, चला, तुमच्या डोळ्यांसमोर उघडते. बाजूचं झाकण काढलं, सुईचा दांडा सोडवून बाहेर घेतला, त्याच्या तळहातावर ठेवला. भरीव पोलाद. आत पोकळीच नाही, तर पारा राहणार कुठे? त्याने दांडा उलटसुलट केला, कानाशी नेऊन हलवला, आणि मग दांड्याकडे न बघता माझ्या हातांकडे बघितलं.

"ताई," तो अगदी शांतपणे म्हणाला, "पारा नसतो म्हनता, तर मग तुमी शेडात येवढ्या मशिनी कशापायी जमवल्यात? भंगार कोन जपतं?"

मला आवडतात, हे काय उत्तर झालं? मी म्हटलंही तसं, आणि माझ्याच कानाला ते खोटं वाटलं. खरं बोलणारं माणूस इतकं लबाड दिसू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी म्हटलं, माझ्याकडची दुसरी हातमशीन घेऊन जा, कुंची होऊ द्या, मग आणून द्या. तर त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की आता अदलाबदलीचा डाव आला.

त्याला कुणाचा तरी फोन आला, म्हणून तो बाहेर गेला. मी दांडा परत बसवत होते. म्हातारी सरकून जवळ आली.

"माझ्या धन्यानं आनलेली मशीन हाय ही. तुमच्या वडलांनी दोनदा दुरुस्त केलती," ती म्हणाली. "पारा नसंल, मला ठाव हाय. पर तुमी खरं सांगताय आन् त्याला पटत न्हाई. त्याला पटंल असं सांगा की. मला येवढी कुंची करू द्या."

मी कपाळाला हात लावला. पण तिच्याकडे बघितल्यावर दुसरं काही सुचेना. मुलगा आत आला तशी मी दांडा उजेडात धरला, भिंगातून बराच वेळ पाहिला, आणि म्हटलं, "भाऊ, खरं सांगू का? होता. कधीकाळी होता. पण इतकी वर्षं मशीन चालली, सगळा उडून गेला. आता ही साधी मशीन आहे. खुशाल चालवू द्या."

इतक्या वेळात पहिल्यांदा त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. लगेच, पूर्ण ठेवला. खांदे खाली आले, तो स्टुलावर बसला. मला वाटलं, सुटले.

मग तो आईकडे वळला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"गावाच्या पोरांच्या कुंच्या शिवून शिवून घालवलास आये," तो म्हणाला. "समद्या गावाला वाटलास. आमाला काय ठेवलंस?"

मी मध्ये पडले. म्हटलं, अहो, नव्हता हो पारा, मी तुम्हाला पटावं म्हणून बोलले. तो माझ्याकडे बघून कसनुसं हसला. म्हणाला, "आता कशाला झाकताय ताई? आय हाय म्हनून? जाऊ द्या." मशीन उचलली. येताना जपून आणलेली, जाताना एका हाताने, हँडलला धरून. गोधडी म्हातारीच्या खांद्यावर टाकली. जीप वळून दिसेनाशी होईपर्यंत मी शेडच्या दारात उभी होते, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. माझ्या बोलण्याने बिघडलं होतं आणि माझ्याच बोलण्याने दुरुस्त होत नव्हतं. इतकं हतबल मला याआधी कुठल्याच मशीनपुढे वाटलं नव्हतं.

बाळंतपण झालं असेल असा हिशेब करून मी त्यांच्या गावी गेले. कामशेतवरून जीप धरली. बेडशाच्या पुढे मोबाइलची रेंज गेली तेव्हा शेजारच्या बाईला समजेना, मी एकटीच का हसतेय आणि डोळे का पुसतेय.

मुलगा कामावर होता. नात बाळाला घेऊन आतल्या खोलीत निजलेली. बाळाच्या डोक्याला बाजारातलं लोकरीचं टोपडं होतं, कपाळावर घसरलेलं. मशीन बाहेरच्या खोलीत कोनाड्याखाली, पाटावर ठेवलेली. कुणी कोंडली नव्हती, कुणी अडवत नव्हतं. हँडलला हळदकुंकू लागलेलं. सुईखाली कुंची जशीच्या तशी, चुण्यांपाशी थांबलेली.

"मावशी," मी म्हटलं, "बारसं झालं ना? कुंची का नाही पुरी केलीत? आता तर तो काही म्हणत नाही."

"न्हाई म्हनत. तोच म्हनला, शिव." तिने बाळाच्या खोलीकडे बघितलं. "मीच हात लावत न्हाई. तवा मलाबी वाटलं, पारा नसंल. मग तुमी भिंगातून बघितलंत आन् म्हनला, समदा उडाला. पर समदा कसा उडंल? तळाला कुटं तरी थेंबभर ऱ्हायला असंल. तेवढा तरी ह्या पोराला ऱ्हाऊ दे. गावाला दिलं तेवढं बास झालं."

मला रडू फुटलं. मी तिचे दोन्ही हात धरले. ते मशीनच्या हँडलसारखेच गुळगुळीत झालेले. म्हटलं, "मावशी, तुम्हीच मला सांगितलंत ना, पटेल असं सांगा म्हणून? म्हणून मी खोटं बोलले. त्यात काही नाही. कधीच नव्हतं. तुम्ही कुणाचं काही घालवलं नाहीत. देवाशपथ सांगते."

ती ऐकत होती. अगदी शेवटपर्यंत, मान डोलवत. मग तिने आपला एक हात सोडवून घेतला आणि माझ्या गालावर ठेवला.

"लय गुनाच्या तुमी," ती म्हणाली. "मला पटंल असं सांगताय."